रंगाचा हात

दिवाळी चार दिवसांवर आली की अकोटच्या आमच्या अंगणात किल्ला उभा राहू लागतो. हा किल्ला नेहमी नरनाळ्याचाच असतो. अकोटच्या माणसाला दुसरा किल्ला सुचावा तरी कसा? गच्चीवर जाऊन उत्तरेकडे तोंड केले, की सातपुड्याची निळी रांग दिसते आणि तिच्या खांद्यावर तो बसलेला असतो. शेजारी जाफराबाद आणि तेलियागड ही त्याची दोन भावंडे. तेव्हा आमच्या अंगणातही मातीचे तीन ढीग लागतात, त्यांवर अळीव पेरला जातो, पोत्याच्या चिंध्यांची तटबंदी चिखलाने लिंपली जाते, आणि नऊगजी तोफेच्या जागी माझ्या एखाद्या निकामी फाउंटनपेनाची नळी विराजमान होते.

गेल्या दिवाळीला किल्ल्याची सूत्रे माझ्या पुण्याच्या नातवाकडे होती. वय वर्षे नऊ. मावळे झाले, वाघ झाला (मेळघाट जवळ आहे, वाघाला मान द्यायलाच हवा), महाकाली दरवाजाही झाला. मग एवढ्या शिबंदीला रसद कोण पुरवणार, असा प्रश्न त्याला पडला. तो सोडवण्यासाठी त्याने माझे कपाट उघडले आणि कापडात गुंडाळलेली माझी लष्करी लॉरी बाहेर काढली.

मी म्हणालो, "अरे, किल्ल्यावर लॉरी कुठली? त्या काळी बैल होते."

"मग बैल द्या," तो म्हणाला. बैल माझ्याजवळ नव्हता. शिवाय नरनाळा बहमनींचा झाला, इमादशहांचा झाला, मोगलांचा झाला, भोसल्यांचा झाला; मग माझ्या नातवाच्या कारकिर्दीत तेथे लॉरीवाल्यांचे राज्य आले, तर मी आडवा येणारा कोण? मी गप्प बसलो.

परंतु खरा पेच पुढेच होता. त्याने लॉरी उजेडात धरून चहूबाजूंनी न्याहाळली आणि तोंड वाकडे केले. "आजोबा, किती खराब झालीय ही! रंग देऊ या का?" ओट्यावर रंगाचा डबा उघडाच होता. दिवाळीसाठी मागचे दार रंगवणे चालले होते आणि कुंचला ओला होता. सगळी सिद्धता होती. फक्त माझ्या होकाराचा अवकाश. तो मला देता येईना आणि का येईना हे सांगताही येईना. "उद्या पाहू," असे मोठ्या माणसांचे नेहमीचे उत्तर देऊन मी वेळ मारून नेली.

या लॉरीची थोडी ओळख करून द्यायला हवी. ती डिंकीची. एका पिढीला या नावाने वेड लावले होते. इंग्लंडात लिव्हरपूल शहरी मेकॅनो नावाचा कारखाना होता. आगगाडीच्या खेळण्यांशेजारी मांडायला म्हणून त्याने 1933 साली काही छोट्या गाड्या ओतून काढल्या. पहिल्या सहांच्या संचात मोटारी, ट्रक आणि ट्रॅक्टर यांच्याबरोबर एक रणगाडाही होता. म्हणजे लष्कर या खेळात पहिल्या दिवसापासून हजर आहे. पुढच्याच वर्षी त्यांना डिंकी हे नाव मिळाले. दुसरे महायुद्ध संपून काही वर्षे झाली आणि 1954 साली या कारखान्याने लष्करी गाड्यांचा नवा ताफा बाजारात आणला. त्यात सेंच्युरियन रणगाडा होता, आणि पाठीवर पत्र्याचा टप असलेली ही तीन-टनी आर्मी वॅगनही होती. 1979 साली कारखाना बंद पडला. आता या गाड्या पोरांच्या हातांत नाहीत. मोठ्या माणसांच्या काचेच्या कपाटांत आहेत.

माझी लॉरी मात्र कपाटात शोभावी अशी नाही. टप कधीच हरवला. एका बाजूचा रंग उडून राखी धातू उघडा पडला आहे. बॉनेटवर आणि उजव्या मडगार्डवर निराळाच हिरवा रंग आहे, लष्करी हिरव्याशी काडीचाही संबंध नसलेला. आणि मागच्या फाळक्यावर पांढऱ्या रंगात कोणीतरी पाच आकडे लिहिले आहेत, थोडे वेडेवाकडे.

लक्ष्मीपूजनाला मुलाचा एक मित्र घरी आला. त्याला अशा गाड्या जमवण्याचा छंद आहे. जमवणारा माणूस कसा ओळखावा? इतर पाहुणे फराळाच्या ताटाकडे पाहतात, हा अंगणातल्या किल्ल्याकडे पाहत होता. त्याने लॉरी उचलली, उलटी केली, तळाच्या पत्र्यावरचे नाव वाचले आणि एकदम उभा राहिला.

"काका, ही मुलांना खेळायला दिली आहे?"

"खेळणेच आहे ते," मी म्हणालो.

तो हसला, पण त्याला ते पटले नव्हते. नातवाचा रंग देण्याचा बेत ऐकून तर त्याने लॉरी छातीशीच धरली. मग त्याने जे सांगितले ते ऐकण्यासारखे होते. जुन्या गाडीवर नवा रंग चढवला, की जाणकारांच्या दृष्टीने तिची किंमत पार उतरते. चट्टे पडलेली पण मूळ रंगाची गाडी, चकचकीत करून आणलेल्या गाडीपेक्षा केव्हाही मोलाची. लबाड विक्रेते रंग देऊन जुनी गाडी नवी म्हणून खपवतात. म्हणून घेणारा पहिल्याने तळ पाहतो. रंग देण्यासाठी सांगाडा सुटा करावा लागतो, त्यासाठी रिबिटा उडवाव्या लागतात, आणि उडवलेली रिबीट कितीही सफाईने बसवली तरी चोराच्या पावलासारखी मागे खूण ठेवते.

"पण काका, पैशाची गोष्ट सोडून द्या," तो पुढे म्हणाला. "कारखान्याचा रंग म्हणजे तिथल्या माणसाचा हात आहे. इंग्लंडातल्याच ब्रिटन कंपनीचे शिशाचे पोकळ शिपाई 1893 पासून निघू लागले. त्यांचे डोळे, मिशा, कोटाची बटणे कोणीतरी हाताने रंगवलेली असत. तो माणूस गेला, कारखाना गेला. उरला तो त्या रंगात. त्यावर आपण कुंचला फिरवायचा म्हणजे दुसऱ्याच्या पत्रावर आपले पत्र लिहिण्यासारखे आहे."

मला हे बोलणे फार आवडले. आणि त्याच दमात त्याने पुढचे वाक्य उच्चारले. बॉनेटवर नखाने हलकेच टकटक करीत तो म्हणाला, "हा वरचा घरगुती रंग मात्र मी काढून देईन. खाली मूळ रंग असेल. आणि मागचा नंबर तर थिनरने मिनिटात जाईल."

माझ्या मनात चर्र झाले. नातवाला लॉरी नवी करायची होती, याला जुनी. दोघांचा हेतू चांगला होता, दोघांचे लॉरीवर प्रेम होते. आणि दोघांच्याही हातून एकच गोष्ट पुसली जाणार होती. त्या रात्री पणत्या विझल्यावर मी अंगणात बराच वेळ बसून राहिलो.

ती गोष्ट म्हणजे माझे मामा.

मामा सैन्यात ड्रायव्हर होते. 1962 च्या चीनच्या लढाईत ते आसामच्या पलीकडे डोंगरांत गाडी चालवीत होते. पुढच्या वर्षी रजेवर आले, तेव्हा वाटेत कलकत्त्यास त्यांनी ही लॉरी माझ्यासाठी घेतली. तिला किती रुपये मोजले, हे त्यांनी आईला शेवटपर्यंत सांगितले नाही. हावडा-मुंबई गाडीने ते अकोल्यास उतरले, तिथून एस.टी.ने अकोटला आले, आणि ट्रंक उघडण्याच्या आधी त्यांनी पिशवीतून ती लॉरी काढून माझ्या हातात ठेवली. मी आठ वर्षांचा होतो. त्या लॉरीने आमच्या गल्लीतली सगळी सरकी वाहिली, गिट्टी वाहिली, एकदा तर सरड्याचे पिल्लूही वाहिले. वर्षा-दोन वर्षांत तिचे बॉनेट भुंडे झाले.

पुढे मामा नोकरी सोडून घरी आले आणि एका जिनिंग-प्रेसिंगच्या लॉरीवर लागले. अकोटहून रुईच्या गाठी भरून नेऊ लागले. 1966 च्या दिवाळीत आमच्या वाड्याच्या दाराला हिरवा ऑइलपेंट लावणे चालले होते. मी लॉरी घेऊन शेजारी बसलो होतो. मामांनी तिच्याकडे पाहिले आणि कुंचला थांबवला.

"अबे, हे काय? मिल्ट्रीची गाडी अशी नसते ठेवाची. उघडा पत्रा दिसला, का सायेब पयले ड्रायव्हरले धरते."

आणि त्यांनी मांडी ठोकून, काडीला चिंधी गुंडाळून, दाराच्या रंगाने तिचे बॉनेट रंगवले. मडगार्ड रंगवले. मला उत्साह आला आणि मी चाकांकडे वळलो, तर त्यांनी माझा हात धरला. "चाकाले नोको लावू. रबर हाय थे." मग पांढऱ्या रंगाची डबी घेऊन आगपेटीच्या काडीने त्यांनी फाळक्यावर ते पाच आकडे लिहिले. एवढा आडदांड माणूस, पण लिहिताना श्वास धरून बसला होता. मी विचारले, "मामा, हा कशाचा नंबर?"

काडी पुसत ते म्हणाले, "माह्या गाडीचा."

"मग ती गाडी कुठे आहे?"

"थे तिकडेच राह्यली."

बस्स, एवढेच. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात सेला-बोमडिल्याकडून आपले सैन्य मागे आले, तेव्हा कितीतरी गाड्या डोंगरांतच सोडून द्याव्या लागल्या, हे मी मोठेपणी पुस्तकांत वाचले. मामांनी त्या लढाईविषयी घरात त्यापलीकडे एक अक्षरही काढले नाही. जे काही बोलायचे होते ते त्यांनी आगपेटीच्या काडीने बोटभर फाळक्यावर लिहून ठेवले. आज मामा नाहीत. वाडा पाडून त्या जागी सिमेंटचे घर झाले, ते हिरवे दारही गेले. त्या दाराचा रंग आता साऱ्या जगात एकाच ठिकाणी उरला आहे: या लॉरीच्या बॉनेटवर.

मग रंग द्यावा की देऊ नये? अंगणात बसल्या बसल्या मी हा प्रश्न स्वतःलाच परोपरीने घालून पाहिला.

आपल्या वऱ्हाडात रंगाला विटाळ मानणारे कोण आहे? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी तो सुरू केला असे सांगतात. पोरे आपापले लाकडी बैल सजवून मिरवायला नेतात. आजोबांचा बैल बापाने ओढला, बापाचा मुलगा ओढतो; आणि जवळजवळ दरसाल त्याच्या अंगावर नवा रंग चढतो. शिंगांना बेगड लागते, डोळे पुन्हा काढले जातात. त्या बैलाचा मूळ रंग कोणता, हे विचारणाऱ्याला लोक वेड्यात काढतील. रंगाचे एकावर एक थर हीच त्या बैलाची वंशावळ. न रंगवलेला बैल मात्र पोरक्यासारखा वाटतो.

खऱ्या लष्करी गाडीचेही तेच. दोनेक वर्षांपूर्वी आम्ही अहिल्यानगरला गेलो होतो. माझ्या तोंडात अजून अहमदनगरच येते. तिथे 1994 साली चिलखती दलाच्या प्रशिक्षण केंद्राने उभे केलेले रणगाडा-संग्रहालय आहे. ऐन महायुद्धांच्या काळातले रणगाडे, आपला विजयंता, 1965 च्या लढाईत गाजलेला सेंच्युरियन आणि त्याच्या समोर उभा ठाकलेला पॅटन, असे सगळे तिथे उघड्यावर मांडलेले आहेत. त्यांना वेळच्या वेळी रंग दिलेला होता. ते पाहून मी प्रथम थोडा खट्टू झालो. लढाईची धूळ, धुराचे डाग, काहीच कसे नाही? पण मग विचार केला. लोखंड आहे, पाऊस आहे. रंगाचे कवच काढले तर गंज चार पावसाळ्यांत त्याचा घास घेईल. तिथे रंग हे औषध आहे.

माझ्या लॉरीला मात्र हे औषध लागू पडत नाही. तिचे अंग लोखंडाचे नव्हे. जस्तात थोडे ॲल्युमिनियम आणि तांबे मिसळून ओतलेले आहे. ते गंजत नाही, फार तर राखी पडते. या धातूला एक रोग असतो खरा. ओतताना त्यात शिशाचा अंश शिरला, तर काही दशकांनी तो आतून फुगतो, त्याला तडे जातात आणि शेवटी बिस्किटासारखा भुगा होतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या कितीतरी डिंकी गाड्या अशा गेल्या. पण तो रोग आतला. वरून लावलेल्या रंगाने तो बरा होत नाही. उलट जुना रंग खरवडण्यात धोकाच आहे. त्या काळच्या तैलरंगांत शिसे सर्रास असे. आपल्याकडे घरगुती रंगांत ते दहा लाखांत 90 भागांहून अधिक असू नये, असा नियम 2017 पासून लागू झाला. तेव्हा असले खरवडकाम नऊ वर्षांच्या मुलाच्या हाती मुळीच देऊ नये.

विचार करता करता मला वाटू लागले, की आपण प्रश्नच चुकीचा विचारीत आहोत. रंग मूळचा की मागाहूनचा, हा प्रश्न नव्हे. तो कोणी आणि कशासाठी दिला, हा प्रश्न आहे. वस्तू चाकरीत असते, तोवर तिला रंगाचा हात लागायचाच. लॉरी रस्त्यावर आहे तोवर ड्रायव्हरने ती रंगवावी. बैल ओढला जातो आहे तोवर पोराने तो रंगवावा. तो रंग तिच्या आयुष्याचा भाग होतो. मामांनी रंग दिला तेव्हा लॉरी चाकरीत होती, सरकी वाहत होती. पण वस्तू निवृत्त झाली, कपाटात बसली, म्हणजे तिचे आयुष्य पुरे झाले. मग आपण रंग देतो तो तिच्यासाठी नव्हे. आपल्या डोळ्यांना तिचे म्हातारपण बघवत नाही, म्हणून देतो. आणि मूळ रंगाच्या लोभाने मधले थर खरवडणे हेही तसेच. माणसाला त्याच्या जन्माच्या दाखल्याएवढेच खरे मानायचे आणि पुढचे सारे आयुष्य खोडून काढायचे, असा त्याचा अर्थ होतो.

दुसऱ्या दिवशी त्या छंदी मित्राला मी हे सगळे सांगितले, मामांचेही सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "काका, मी नंबर पुसायला निघालो होतो. माफ करा." त्यात माफीसारखे काही नव्हते. आगपेटीच्या काडीने लिहिलेल्या आकड्यांमागे काय आहे, हे पाहणाऱ्याला कसे कळावे? यातूनच मला एक गोष्ट सुचली, ती मी त्याला सांगितली आणि त्याने ती मानली. जुन्या गाडीवरचे परके रंग, वेडेवाकडे आकडे, पोरांनी कोरलेली नावे काढण्याआधी, ज्याच्या घरून ती आली त्याला एकदा विचारावे. त्यानेही मला आपल्याकडची एक रीत सांगितली. एखादी गाडी अगदीच बोडकी, मोडकी, बेवारशी मिळाली, तर ती खुशाल रंगवावी. तीत हरवण्यासारखे काही उरलेले नसते आणि रंगवण्याचा आनंद मोठा असतो. मात्र तळाशी बारीक अक्षरांत लिहावे, की ही अमुक साली पुन्हा रंगवली. म्हणजे पुढे कोणी फसणार नाही. मला ही रीत सज्जनाची वाटली.

राहता राहिला नातू. त्याला न्यायनिवाडा सांगून उपयोग नव्हता. मी त्याला जवळ बसवून फाळक्यावरचा नंबर दाखवला आणि मामांची गोष्ट सांगितली, जेवढी मला ठाऊक आहे तेवढी. त्याने लक्ष देऊन ऐकली. शेवटी एकच प्रश्न विचारला, "मग ती खरी गाडी आणायला कोणी परत गेले नाही?"

"नाही," मी म्हणालो.

तो उठला. बाजारातून आणलेली एक प्लास्टिकची लॉरी त्याच्याजवळ होती, ती त्याने ओट्यावर नेली आणि दाराच्या रंगाने मन लावून रंगवली. अर्धा रंग बोटांना लागला. चाके मात्र त्याने सोडली. ते मी सांगितले होते. मग ती नवी लॉरी रसद घेऊन नरनाळ्याच्या चढणीला लागली. जुनी लॉरी त्याने महाकाली दरवाजाच्या आत, तटाच्या सावलीला उभी केली आणि तिच्याभोवती चार मावळे ठेवले.

"हिला का रे आत ठेवलीस?" मी विचारले.

"ती तिकडून परत आलीय ना," तो म्हणाला. "आता तिला आराम."

भाऊबीज झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले, किल्ला खचू लागला. लॉरी पुसून मी पुन्हा कापडात गुंडाळून ठेवली. पुसताना ओले फडके घेतले नाही. कोरड्या मऊ पंच्याने, फाळक्यापाशी हात अगदी हलका ठेवून.